ज्वारीचा जीनोम नकाशा ऑनलाइन ठेवायचा आहे? सुरुवात नावांपासून करा

पैदासकाराच्या वहीत एखाद्या मार्करचं, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणेचं, नाव असतं, नाहीतर वीस अक्षरांचा एक प्रायमर, म्हणजे त्या जागेला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा. त्याला हवं असतं ते एवढंच: हा कोणत्या गुणसूत्रावर बसतो, कितव्या बेसवर (डीएनएच्या अक्षरावर), शेजारी कोणती जनुकं आहेत आणि आपल्या वाणात त्या जागी काय फरक आहे. ही उत्तरं दोन-चार क्लिकमध्ये मिळाली तर नकाशा खरोखर खुला झाला. चाळीस फाइलींची झिप संकेतस्थळावर टाकून ‘डेटा उपलब्ध आहे’ असं लिहिणं म्हणजे गावाचा नकाशा तलाठ्याच्या कपाटात आहे असं सांगणं. आहे खरा, पण उपयोग काय?

इथे उदाहरण ज्वारीचं घेतलं आहे. तिचा संदर्भ जीनोम, म्हणजे ज्याच्याशी इतर वाण ताडून पाहतात तो, बीटीएक्स६२३ या वाणाचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला. आकार सुमारे ७३ कोटी बेस, गुणसूत्रांच्या १० जोड्या. गव्हासारखी तीन उपजीनोमांची गुंतागुंत नाही आणि फाइली साध्या सर्व्हरवर मावतात, त्यामुळे शिकायला हे पीक चांगलं. समजा तुमच्याकडे एखाद्या रब्बी वाणाची, म्हणजे मोहोळला मालदांडीतून निवडलेल्या एम ३५-१ सारख्या वाणाची, नवी असेंब्ली (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून बांधलेला जीनोम) आहे. ती लोकांसमोर ठेवायची आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: वेगळं संकेतस्थळ लागणारच आहे का? ग्रामीन, एन्सेम्बल प्लांट्स, फायटोझोम आणि खास ज्वारीसाठीचं सॉर्गमबेस ही घरं आधीच उभी आहेत. तुमच्याकडे नवी असेंब्ली नसून जुन्याच संदर्भावर मोजलेले एसएनपी, म्हणजे एकेका अक्षराचे फरक, असतील, तर नवं दुकान थाटू नका. त्या फरकांची व्हीसीएफ फाइल युरोपियन व्हेरिएशन आर्काइव्हकडे जमा करा. अमेरिकेचं डीबीएसएनपी २०१७ पासून मानवेतर जीवांचे फरक घेत नाही, तरी जुन्या लेखांमध्ये अजून त्याचाच पत्ता दिलेला आढळतो.

पायरी १ : असेंब्ली तपासा

अर्धवट असेंब्ली ऑनलाइन गेली की तिच्या चुका पुढची दहा वर्षं इतरांच्या लेखांत फिरत राहतात. म्हणून आधी बुस्को हे तपासणीचं साधन चालवा. भूवनस्पतींच्या ओडीबी-१० संचात १,६१४ जनुकं आहेत. ती सगळ्या वनस्पतींमध्ये सहसा एकेकटी सापडतात, आणि तुमच्या असेंब्लीत त्यांतली किती पूर्ण मिळतात ते बुस्को सांगतं. ज्वारीत ९५ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर थांबा. ‘दुप्पट’ या रकान्याकडेही पाहा. गव्हात तो मोठा असणारच, पण ज्वारीत फुगला असेल तर बहुधा एकाच जागेच्या दोन्ही प्रती वेगवेगळ्या तुकड्यांत राहून गेल्या आहेत.

त्यानंतर बाहेरची घाण काढा. अॅडॅप्टरचे (वाचनासाठी जोडलेल्या कृत्रिम डीएनएचे) तुकडे, जिवाणूंचा डीएनए, हरितलवकाचे आणि मायटोकॉन्ड्रियाचे सुटे तुकडे. एनसीबीआय या अमेरिकेच्या सार्वजनिक संग्रहाचं एफसीएस हे साधन यासाठीच आहे. हरितलवकाचा जीनोम टाकून देऊ नका, वेगळ्या नावाने ठेवा. गुणसूत्रांच्या मध्ये मात्र तो नको.

छोट्या वाचनांवर, म्हणजे दीडशे-दोनशे बेसच्या तुकड्यांवर, बांधलेल्या असेंब्लीत एकापाठोपाठ आलेल्या पुनरावृत्ती एकात एक मिसळून जातात. ज्वारीतलं नामांकित उदाहरण बुटकेपणाचं डीडब्ल्यू३ जनुक. त्याच्या बुटक्या रूपात पाचव्या एक्सॉनमध्ये (जनुकाच्या, संदेशात टिकणाऱ्या भागात) ८८२ बेसचा तुकडा लागोपाठ दोनदा येतो. हा दुहेरी तुकडा अस्थिर असल्यामुळे बुटक्या पिकात अधूनमधून उंच ताट उगवतं. असेंब्लीने दोन तुकड्यांचा एकच केला, तर नकाशात बुटका वाण उंच दिसेल. अशा दोन-तीन ओळखीच्या जागा हाताने उघडून बघण्याला कोणत्याही आकडेवारीचा पर्याय नाही.

पायरी २ : नावं ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा.

गुणसूत्रांना एकच एक नाव द्या आणि सगळ्या फाइलींत तेच वापरा. एका फाइलीत ‘सीएचआर१’, दुसरीत ‘सीएचआर०१’, तिसरीत नुसतं ‘१’ आणि सार्वजनिक संग्रहातून उतरवलेल्या चौथीत ‘एनसी’ने सुरू होणारा क्रमांक, असं झालं की जीनोम ब्राउझरमध्ये, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या पानावर, ट्रॅक (माहितीची पट्टी) उघडतो पण रिकामा दिसतो. त्रुटीचा संदेशही येत नाही. नवख्या माणसाचा पहिला आठवडा याच रिकाम्या पट्टीकडे बघण्यात जातो. शून्य लावलेलं रूप, म्हणजे ०१ ते १०, निवडलेलं बरं. नाहीतर यादीत १ नंतर थेट १० येतो.

जनुकांची नावं याहून नाजूक. डीडब्ल्यू३ जनुकाचं आजचं नाव सोबिक.००७जी१६३८००. (प्रत्यक्षात ही नावं रोमन अक्षरांतच टाइप होतात.) पहिले तीन अंक गुणसूत्र सांगतात, ‘जी’ म्हणजे जीन, पुढचे सहा अंक गुणसूत्रावरचा क्रम. २००९च्या आवृत्तीत याच जनुकाचं नाव एसबी०७जी०२३७३० असं होतं. दोन्ही नावं लेखांमधून सर्रास सापडतात. भातात तर एकाच वेळी दोन नामपद्धती चालतात, जपानची आरएपी आणि अमेरिकेच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाची. एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधून ‘जनुक सापडलं नाही’ म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

महाराष्ट्रात ज्यांनी जमिनीचे कागद हाताळले आहेत त्यांना हे लगेच उमजेल. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले, पण जुन्या खरेदीखतावर नंबर जुनाच. जुना-नवा तक्ता जवळ नसेल तर माणूस आपलंच शेत शोधत फिरतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक साधा तक्ता ठेवा. त्यात चार रकाने असू द्या: नवं नाव, जुनं नाव, कोणत्या आवृत्तीतलं, आणि जुळणी कशी केली. जुन्या आवृत्तीवरची जनुकं नव्या असेंब्लीवर नेण्यासाठी लिफ्टऑफ हे साधन चांगलं काम करतं. जी जनुकं जुळली नाहीत त्यांची यादीही जाहीर करा. ती गाळली तर शोधणाऱ्याला वाटतं की चूक त्याचीच.

एकदा दिलेलं नाव दुसऱ्या जनुकाला कधीही देऊ नका. दोन जनुकं एकत्र करावी लागली तर दोन्ही नावं निवृत्त करून तिसरं द्या.

वनस्पतीच्या नमुन्याचं नावही याच पायरीत पक्कं करा. ‘मालदांडी’ एवढ्यावर भागत नाही, कारण मालदांडी म्हणून गावोगावी वेगवेगळं बियाणं पेरलं जातं. बीज कुठून आणलं आणि जनुकपेढीतला त्याचा प्रवेश क्रमांक काय, हे लिहा. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅटच्या पेढीतलं बी असेल तर तिचा ‘आयएस’ क्रमांक द्या.

पायरी ३ : सार्वजनिक संग्रहात जमा करा

तुमचं संकेतस्थळ आज ना उद्या बंद पडणार, असं धरूनच चला. प्रकल्पाचा निधी संपतो, सर्व्हर सांभाळणारा विद्यार्थी पीएचडी करून निघून जातो, डोमेनचं नूतनीकरण करायचं राहतं. म्हणून मूळ प्रत एनसीबीआय, युरोपचं ईएनए किंवा जपानचं डीडीबीजे यांपैकी एका ठिकाणी जायलाच हवी. तिघांमध्ये देवाणघेवाण असते, त्यामुळे एकाकडे दिलेलं तिन्हीकडे दिसतं. भारतात फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरचं लोकार्पण नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. सरकारी निधीतून झालेलं काम असेल तर तिथे काय जमा करायचं आहे ते मंजुरीपत्रातल्या अटींत आधी वाचून घ्या.

क्रम असा असतो: आधी बायोप्रोजेक्ट, म्हणजे प्रकल्पाची नोंद, मग प्रत्येक झाडाच्या नमुन्याचा बायोसँपल, मग कच्ची वाचनं आणि शेवटी असेंब्ली. बायोसँपल भरताना वाणाचं नाव, कोणत्या भागाचा डीएनए काढला आणि कुठे गोळा केला, हे रकाने रिकामे सोडू नका. असेंब्ली परत येण्याची नेहमीची कारणं फार साधी असतात. २०० बेसपेक्षा लहान तुकडे चालत नाहीत. कोणताही क्रम ‘एन’ या अक्षराने सुरू झालेला किंवा संपलेला चालत नाही. मधल्या रिकाम्या जागांची लांबी माहीत नसेल तर १०० एन घालण्याचा प्रघात आहे, पण त्या ‘अज्ञात लांबी’च्या आहेत हे अर्जात सांगावं लागतं. जनुकांसकट जमा करत असाल तर लोकस टॅगची (जनुकांच्या नोंदक्रमांकांची) आद्याक्षरं आधी नोंदवून घ्या.

पायरी ४ : जीएफएफ३ फाइल स्वच्छ करा

जनुकं कुठे आहेत हे सांगणारी ही फाइल. प्रत्येक ओळीत नऊ रकाने, मध्ये टॅब. गुणसूत्र, स्रोत, प्रकार, सुरुवात, शेवट, गुण, दिशा, फेज आणि नवव्या रकान्यात आयडी, पॅरेंट, नेम यांच्यासारखे गुणधर्म. जनुकाच्या पोटात एमआरएनए, त्याच्या पोटात एक्सॉन आणि सीडीएस (प्रथिनाचा संकेत असलेला भाग). ही वंशावळ पॅरेंटमुळे जुळते. पॅरेंटमध्ये लिहिलेला आयडी फाइलीत कुठेच नसेल तर जनुकाची चित्रं तुटक दिसतात.

सर्वांत जास्त घात करते ती एका अंकाची चूक. जीएफएफ३मध्ये मोजणी १ पासून सुरू होते आणि शेवटचा बेसही धरला जातो. बीईडी या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत मोजणी ० पासून असते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही. समजा एका जनुकाचं सीडीएस १००१ ते १००३ या तीन बेसपासून सुरू होतं. बीईडीमध्ये हेच १००० ते १००३ असं लिहिलं जाईल. आता तपासा. धन दिशेच्या, म्हणजे नकाशाच्या क्रमानेच वाचल्या जाणाऱ्या, जनुकाच्या सीडीएसचे पहिले तीन बेस सॅमटूल्स या साधनाने काढले की एटीजी, म्हणजे प्रथिनाची सुरुवात करणारी तीन अक्षरं, दिसायला हवं. त्याऐवजी भलतंच अक्षर आणि त्यापुढे ‘एटी’ दिसलं, तर बीईडीचा आकडा जसाच्या तसा जीएफएफमध्ये आला आहे. ‘टीजी’ आणि पुढे भलतंच अक्षर दिसलं, तर उलट झालं आहे. ऋण दिशेच्या जनुकात सीडीएसच्या मोठ्या आकड्याच्या टोकाला धन पट्टीवर सीएटी दिसलं पाहिजे. वीस जनुकं अशी पाहा, दहा या दिशेची, दहा त्या. अर्ध्या तासाचं काम आहे. अर्धवट सापडलेल्या एखाद-दुसऱ्या जनुकात एटीजी नसेलही, पण सगळीच घसरली असतील तर दोष मोजणीत आहे.

नवव्या रकान्यात जनुकाचं वर्णन लिहिताना अर्धविराम, स्वल्पविराम, बरोबरचं चिन्ह आणि अँपरसँड ही चार चिन्हं सरळ लिहू नका. त्यांना तिथे वेगळा अर्थ आहे. टक्केचिन्हाचं सांकेतिक रूप वापरा, अर्धविरामासाठी टक्का-३-बी. आणि ही फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन करण्याचा मोह आवराच. ‘३-५’ असं मार्करचं नाव तिथे तारीख बनतं, ‘२ई१०’चे वीस अब्ज होतात. मूळ नाव परत मिळत नाही.

पायरी ५ : दाबा आणि इंडेक्स करा

ज्वारीच्या डीएनए क्रमाची फास्टा फाइल उघडी ठेवली तर सुमारे ७३ कोटी अक्षरांची, म्हणजे पाऊण जीबीच्या आसपास. वापरणाऱ्याला एका वेळी त्यातले पाच-पन्नास हजार बेसच हवे असतात. तेवढाच तुकडा काढून देता यावा म्हणून इंडेक्स.

फाइल बीजीझिपने दाबा, साध्या जीझिपने नाही. दोन्हींची शेपूट सारखीच, ‘.जीझेड’, म्हणून गोंधळ होतो. बीजीझिप छोटे-छोटे ठोकळे करून दाबतं, त्यामुळे मधूनच वाचता येतं. जीझिपची फाइल मात्र सुरुवातीपासून उलगडावी लागते. फास्टासाठी पुढे सॅमटूल्सचा एफएआयडीएक्स आदेश. जीएफएफ३साठी आधी पहिल्या रकान्याप्रमाणे आणि नंतर चौथ्या रकान्याप्रमाणे, आकड्यांच्या क्रमाने, वर्गवारी करा, मग बीजीझिप, मग इंडेक्स करणारं टॅबिक्स. चौथ्या रकान्याची वर्गवारी अक्षरक्रमाने झाली तर टॅबिक्स ‘क्रम बिघडलाय’ म्हणून थांबतं. ते बरंच, निदान बोलतं तरी.

टॅबिक्सच्या नेहमीच्या टीबीआय इंडेक्सला सुमारे ५३.७ कोटी बेसपलीकडचं दिसत नाही. ज्वारीचं सर्वांत मोठं गुणसूत्रही साधारण ८ कोटींचं, त्यामुळे इथे अडचण नाही. गव्हाचं ३बी गुणसूत्र मात्र ८० कोटींच्या पुढे आहे. तिथे सीएसआय प्रकारचा इंडेक्सच लागतो. पुढे गहू किंवा बार्लीवर काम करायचं असेल तर सवय म्हणून सीएसआयच वापरा.

पायरी ६ : ब्राउझर उभा करा

नवख्यांसाठी जेब्राउझ २. त्याला डेटाबेस लागत नाही, सर्व्हरवर कोणताही प्रोग्रॅम सतत चालवावा लागत नाही. फाइली एका फोल्डरमध्ये, समोर अपाची किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, झालं. नोड बसवून जेब्राउझची आदेश-साधनं घ्या. ‘क्रिएट’ने फोल्डर तयार करा, ‘अॅड-असेंब्ली’ने फास्टा जोडा, ‘अॅड-ट्रॅक’ने जीएफएफ३ आणि व्हीसीएफ जोडा, शेवटी ‘टेक्स्ट-इंडेक्स’ चालवा.

या शेवटच्या आदेशात एक पाचर आहे. तो मुळात फक्त नेम आणि आयडी हे दोनच गुणधर्म शोधपेटीत घेतो. जुनी नावं तुम्ही एलियस (पर्यायी नाव) या गुणधर्मात ठेवली असतील तर आदेश देताना एलियसचं नाव गुणधर्मांच्या यादीत घालायला हवं. नाहीतर पायरी २ मधली सगळी मेहनत फाइलीत पडून राहते आणि ‘एसबी०७जी’ टाइप करणाऱ्याला काहीच सापडत नाही. गुणसूत्रांच्या पर्यायी नावांसाठी वेगळी एलियस फाइल असेंब्लीला जोडता येते, तीही जोडा.

पान उघडतं पण ट्रॅक लोड होत नाही, असं झालं तर सर्व्हरकडे तीन ठिकाणी पाहा. एक, फाइलीचा तुकडा मागितल्यावर सर्व्हर २०६ हा संकेत देतो का? २०० आला तर तो दर वेळी अख्खी फाइल पाठवतोय. दोन, ‘.जीझेड’ फाइलींवर सर्व्हर ‘कंटेंट-एन्कोडिंग जीझिप’ असा शिक्का मारतोय का? तसं असेल तर वापरणाऱ्याचा ब्राउझर आपणहून फाइल उलगडतो आणि इंडेक्समधले पत्ते चुकतात. तीन, फाइली दुसऱ्या डोमेनवर असतील तर सीओआरएसची, म्हणजे एका डोमेनच्या पानाला दुसऱ्या डोमेनच्या फाइली वाचू देण्याची, परवानगी दिली आहे का? कर्ल या साधनाने हे तिन्ही पाच मिनिटांत कळतं.

ट्रायपलचं नाव कानावर येईल. ड्रुपल आणि चाडो या रचनेवर उभी असलेली ही भक्कम व्यवस्था आहे, अनेक पिकांची मोठी संकेतस्थळं तिच्यावर चालतात. शेकडो वाणांचे शेतातले मोजमाप, वंशावळी, मार्कर असं सगळं एकत्र जोडायचं असेल तर ती योग्य. पण ती सांभाळायला पगारी माणूस लागतो. तो नसेल तर हात लावू नका.

पायरी ७ : प्रायमर शोधता आला पाहिजे

ब्राउझरशेजारी ब्लास्टची, म्हणजे डीएनएचा क्रम शोधायची, पेटी ठेवा. त्यासाठी सीक्वेन्ससर्व्हर बसवायला सोपं आहे. डेटाबेस करताना क्रमांची नावं जपणारा पर्याय, ‘पार्स-सेकआयडीज’, चालू ठेवा.

तक्रार हमखास येते ती अशी: ‘प्रायमर टाकला, काहीच सापडत नाही.’ ब्लास्टएनची मुळातली पद्धत मेगाब्लास्ट असते आणि ती सलग २८ अक्षरं जुळल्याशिवाय पुढे जात नाही. प्रायमर २० अक्षरांचा. मग तो कसा सापडणार? अशा छोट्या क्रमांसाठी ‘ब्लास्टएन-शॉर्ट’ ही पद्धत निवडावी लागते, ती ७ अक्षरांपासून जुळवते. शिवाय ई-व्हॅल्यूची (योगायोगाने किती जुळण्या मिळतील त्या अंदाजाची) मर्यादा सैल करावी लागते, कारण इतका छोटा क्रम योगायोगानेही जुळू शकतो, म्हणून कडक मर्यादेत तो गाळला जातो. हे वापरणाऱ्याला शिकवत बसण्यापेक्षा ‘प्रायमर शोधा’ असं वेगळं बटण देऊन त्यामागे हे पर्याय बसवून टाका.

पायरी ८ : सेंटिमॉर्गनचा नकाशा बेसच्या नकाशाला जोडा

पैदासकारांचे जुने क्यूटीएल, म्हणजे एखाद्या गुणाशी जोडलेले गुणसूत्राचे पट्टे, सेंटिमॉर्गनमध्ये असतात. हे अंतर पुनर्संयोजनावरून, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीवरून, मोजतात. ते एका गुणाकाराने बेसमध्ये बदलता येतील असं वाटतं, पण येत नाहीत. ज्वारीच्या गुणसूत्रांच्या टोकांकडे १ सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी अडीच लाख बेस. मधल्या, सेंट्रोमियरभोवतीच्या घट्ट भागात तेच अंतर ८० लाखांच्या वर जातं, कारण तिथे पुनर्संयोजन जवळजवळ होतच नाही. म्हणून प्रत्येक क्यूटीएल त्याच्या दोन्ही बाजूंच्या मार्करमधून बसवा. दोन्ही मार्करचे प्रायमर ब्लास्ट करा आणि मधला पट्टा जीएफएफ३मध्ये एक ओळ म्हणून लिहा. मार्कर दोन जागी बसत असेल तर दोन्ही जागा दाखवा आणि तसं नोंदवा. आपल्या सोयीची एक निवडू नका. मधल्या भागात पडलेला पट्टा दोन कोटी बेसचा निघाला तर तोही तसाच दाखवा. तो खरोखर तेवढा आहे.

पायरी ९ : आवृत्ती, परवाना आणि जे नकाशात नाही ते

प्रत्येक पानावर असेंब्लीची आवृत्ती ठळक लिहा, उतरवून घ्यायच्या फाइलींच्या नावातसुद्धा. नवी आवृत्ती आली तरी जुनी काढू नका, तिचा पत्ता तोच ठेवा. वापराच्या अटी एका ओळीत सांगा, सीसी-बाय (श्रेय देऊन मुक्त वापर) किंवा सीसी-झिरो (कोणतीही अट नाही). ‘शैक्षणिक वापरासाठी’ असं मोघम लिहिलं की बियाणं कंपनीतला माणूस घाबरून वापरत नाही आणि विद्यापीठातला विचारतच बसतो. शेतकऱ्यांकडून आणलेल्या स्थानिक वाणांच्या बाबतीत जैवविविधता कायदा, २००२ खाली कोणती परवानगी लागते ते काम सुरू होण्याआधी पाहा, जीनोम जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी नव्हे.

मदतीच्या पानावर एक सूचना मोठ्या अक्षरांत हवी: एका वाणाचा नकाशा म्हणजे अख्ख्या पिकाचा नकाशा नव्हे. भाताचा संदर्भ जीनोम निप्पॉनबारे या वाणाचा. पुराच्या पाण्यात रोप तगवणारं सब१ए हे जनुक त्या वाणात मुळी नाहीच, पूर सोसणारा स्वर्णा-सब१ हा वाण ज्याच्या जोरावर उभा आहे ते. निप्पॉनबारेच्या नकाशात ते शोधणाऱ्याला रिकामी जागा मिळेल. तुमच्या शोधपेटीने अशा वेळी नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणू नये. ‘या वाणाच्या या आवृत्तीत सापडलं नाही’ असं म्हणावं, आणि खाली इतर वाणांच्या असेंब्लींचे दुवे द्यावेत.

जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्या. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या पैदासकाराला समोर बसवा, त्याच्याच वहीतली तीन नावं आणि एक प्रायमर टाइप करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. तो कुठे अडतो ते लिहून घ्या आणि त्या जागा आधी दुरुस्त करा.